कोपनहेगनचं मॅकडोनाल्ड्स : चवीला तीन तारे, पगाराच्या चिठ्ठीला साडेचार

आधीच सांगून टाकतो, मी बर्गरचा माणूस नाही. अडतीस वर्षं बँकेत काढली, शेवटची अकरा हेड कॅशियर म्हणून, आणि बाहेरचं खाणं म्हणजे डोंबिवली स्टेशनाबाहेरचा वडापाव, इथवरच माझी मजल. तरी या उन्हाळ्यात लेकीकडे कोपनहेगनला होतो तेव्हा तिथल्या मॅकडोनाल्ड्समध्ये पाच वेळा गेलो. कारण आमची नात ईरा तिथे दर शनिवारी आणि आठवड्यातली एक संध्याकाळ काम करते. वय सतरा.

ही बातमी फोनवर कळली तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. "जावई एवढ्या मोठ्या औषध कंपनीत, आणि पोरगी हॉटेलात टेबलं पुसते?" हा हिचा प्रश्न. सोसायटीत अवाक्षर काढायचं नाही, अशी मला ताकीद. मुक्ता म्हणाली, "बाबा, इथे सगळ्यांचीच मुलं करतात. आमच्या डॉक्टरांची मुलगी बेकरीत उभी असते." म्हटलं, बरं, जाऊन बघतो. तिथे जे खाल्लं आणि घरी येऊन जे वाचलं, त्याचा हा अभिप्राय.

खाण्याचं आधी उरकतो. दुकान मुख्य स्टेशनाजवळ, टिवोली बागेतल्या पाळण्यांवरच्या किंकाळ्या ऐकू येतील इतक्या अंतरावर. आत शिरलं की पुरुषभर उंचीचे पडदे, त्यावर बोटाने ऑर्डर द्यायची. मी बीफ खात नाही, म्हणजे त्यांचा प्रसिद्ध बिग मॅक बाद. चिकन नगेट्स, बटाट्याच्या काड्या आणि कॉफी घेतली. नगेट्स गरम, काड्या कुरकुरीत, मीठ बेताचं. तीनच तारे देतोय तो दोष माझ्या जिभेचा, तिला सोबत काहीतरी झणझणीत लागतं. दुसऱ्या खेपेपासून स्टीलच्या डबीत लसणाची चटणी नेऊ लागलो. जागा स्वच्छ, संडास स्वच्छ. एका कॉफीवर दीड तास बसलो तरी कुणी "अजून काही?" म्हणून येऊन उभं राहिलं नाही.

आता किंमत. बिग मॅक तिथे चाळीस क्रोनरच्या आसपास. क्रोनर म्हणजे साधारण चौदा रुपये, तेव्हा झाले पाचशे साठ. हिने तिथल्या तिथे हिशेब केला, "एवढ्यात अर्धा किलो मटण येतं." खरंय. केस कापायला तर एवढे पैसे मागतात की दोन महिने मी केस वाढवले. आपल्याकडून गेलेला माणूस पहिले पंधरा दिवस हेच करतो, प्रत्येक पावतीला चौदाने गुणतो आणि सुस्कारा टाकतो.

पण एक गोष्ट डोक्यात अडकली. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक 1986 पासून देशोदेशीच्या बिग मॅकच्या किमती छापतं. त्यात डेन्मार्कचा आणि अमेरिकेचा बर्गर अलीकडे जवळजवळ एकाच भावात दिसतो. अमेरिकेत तासाचं किमान वेतन केंद्राच्या कायद्याने 7.25 डॉलर आहे, 2009 पासून तिथेच थिजलेलं. राज्यांचे दर वर असतात, पण बऱ्याच राज्यांत हाच लागू आहे. आणि टिप मिळणाऱ्या वेटरला मालकाने पदरचे द्यायचे किमान 2.13 डॉलर, 1991 पासून! डेन्मार्कमध्ये असल्या दुकानातल्या प्रौढ कामगाराचा मूळ दर दीडशे क्रोनरच्या घरात आहे, म्हणजे वीस डॉलरहून वर. बर्गर त्याच भावाचा आणि काउंटरमागच्या माणसाच्या पगारात दुपटी-तिपटीचा फरक, हे कसं जमतं?

याचं उत्तर शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर आलं. ईराने फोन माझ्यापुढे सरकवला. "आजोबा, तू कॅशियर होतास ना? हे बरोबर आहे का बघ."

पगाराची चिठ्ठी. तिथे तिला 'लोनसेडल' म्हणतात. मी चष्मा पुसला. आयुष्यात हजारो पगार मोजून दिले, पण सतरा वर्षांच्या पार्टटाइम पोरीची इतकी भरगच्च चिठ्ठी पाहिली नव्हती. तास गुणिले दर, एक ओळ. संध्याकाळच्या तासांचा जादा भत्ता, दुसरी ओळ. शनिवारचा भत्ता निराळा. सगळ्यांकडून कापतात तो आठ टक्के श्रमबाजार-कर. बाकीचा आयकर शून्य, कारण एका मर्यादेपर्यंतच्या कमाईवर सगळ्यांनाच माफी. आणि तळाशी 12.5 टक्के सुट्टीचे पैसे वेगळे साठलेले. वर्षाला पाच आठवड्यांची सुट्टी तिथे सगळ्या नोकरदारांना कायद्याने मिळते, तासावर काम करणाऱ्याला तिचे पैसे असे साठवून देतात. मी दोनदा बेरीज केली. बरोबर होती.

"हा दर कुठल्या कायद्यात लिहिलाय?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही," मुक्ता म्हणाली. "इथे किमान वेतनाचा कायदाच नाहीये, बाबा."

मला वाटलं, तिला माहीत नसेल. दुसऱ्या दिवशी बसून वाचलं. खरोखर नाही. दर ठरतो युनियन आणि मालकसंघ यांच्या करारात, आणि असले करार देशातल्या पाचातल्या चारांहून जास्त नोकरदारांना लागू आहेत. 1899 साली मोठ्या टाळेबंदीनंतर दोन्ही बाजूंनी सप्टेंबर महिन्यात समझोता केला, तेव्हापासूनची ही रीत. युरोपियन युनियनने 2022 मध्ये पुरेशा किमान वेतनाचा निर्देश काढला, तर डेन्मार्कचं सरकार त्याविरुद्ध युरोपीय न्यायालयात गेलं आणि तिथल्या युनियनाही सरकारच्याच बाजूच्या! नोव्हेंबर 2025 मध्ये निकाल लागला : दोन तरतुदी रद्द, बाकीचा निर्देश कायम. पगाराच्या बाबतीत सरकारने लांब राहावं, असं मालक आणि कामगार एका सुरात म्हणताहेत. आमच्या बँकेतल्या युनियनच्या गेट मीटिंगमध्ये असं कुणी बोललं असतं तर त्याला मॅनेजमेंटचा माणूस ठरवला असता.

मॅकडोनाल्ड्सही काही प्रेमाने या करारात आलेलं नाही. डेन्मार्कमध्ये ते 1981 साली आलं आणि सुरुवातीची बरीच वर्षं म्हणत राहिलं की आमचे नियम आम्ही ठरवू. हॉटेल-कामगारांच्या युनियनने निदर्शनं करून पाहिली, फार काही हललं नाही. मग 1988 च्या अखेरीस बाकीच्या युनियना सहानुभूतीच्या संपात उतरल्या. गोदीकामगारांनी त्यांचे कंटेनर उतरवायचं नाकारलं. ट्रकवाल्यांनी माल पोचवायचं नाकारलं. छापखान्यातल्या लोकांनी मेनू आणि कप छापायचं नाकारलं, बांधकामवाल्यांनी नवी दुकानं बांधायचं. बर्गरवाल्याशी त्यांचा स्वतःचा काडीचा संबंध नव्हता, पण असा संप तिथे कायदेशीर आहे. 1989 मध्ये कंपनी करारात आली आणि आजही तिथे मजेत धंदा करते आहे. पडद्यावर ऑर्डर द्यायला रांग होती, मीच उभा होतो.

हे वाचताना मला लालबाग आठवलं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी तिथल्या शाखेत कॅश काउंटरला होतो. अडीच लाख कामगार बाहेर. संपाचं एक मूळ 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात होतं. त्या कायद्याने बोलणी करायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार ज्यांच्या मागे उभे होते त्या डॉक्टर दत्ता सामंतांना त्या टेबलावर खुर्चीच नव्हती. पहिल्या महिन्यात लोक पासबुकातले पैसे काढायला आले. मग आवर्ती ठेवी मोडायला. मग ज्यांच्या खात्यात पाच-दहा रुपये उरले होते ते खातंच बंद करायला. स्लिपवर अंगठा उठवणारे ते हात मी रोज बघत होतो. आम्ही शाखेत वर्गणी काढली, धान्य दिलं. पण भिवंडीचे माग चालू होते, कापड बाजारात येत होतं, ट्रक धावत होते. गोदीने, ट्रकने, छापखान्याने एकाच वेळी हात आखडले असते तर काय झालं असतं, हा विचार मला तिथे, नगेट्सच्या खोक्यासमोर, चव्वेचाळीस वर्षांनी आला.

प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अॅशेनफेल्टर यांनी मोजणीची एक नामी युक्ती काढली होती. जगभरात मॅकडोनाल्ड्समध्ये काम साधारण एकसारखं, पदार्थही एकसारखा. तेव्हा बघायचं एवढंच की तिथल्या कामगाराला एका तासाच्या पगारात किती बिग मॅक येतात. त्यांच्या 2007 च्या आकड्यांत अमेरिका 2.4, पश्चिम युरोप 2.2, जपान 3.1. भारत 0.35, म्हणजे आपल्याकडे तो महाराजा मॅक खायला जवळपास तीन तास उभं राहायचं. आजच्या डॅनिश दराने माझा हिशेब साडेतीनच्या पुढे जातो. ईराला सांगितलं तर म्हणाली, "पण आजोबा, मला अजून तेवढे नाही मिळत."

हे मात्र खरं. अठराच्या आतल्यांचा दर बराच कमी आहे, आणि अशा दुकानांत अठराच्या आतली मुलं भरपूर दिसतात. ऑक्टोबरात तिला अठरा पूर्ण होतील तेव्हा वाढदिवसाबरोबर पगारही उडी मारेल. म्हणूनच काही ठिकाणी, विशेषतः किराण्याच्या मोठ्या दुकानांत, अठरावं लागलं की पोरांना निरोप देण्याची रीत आहे म्हणतात. अर्ध्या ताऱ्यातला अर्धा मी इथे कापला.

उरलेला दाराबाहेर कापला. बाहेर पाठीवर चौकोनी पेट्या घेतलेले सायकलवाले ऑर्डरची वाट बघत उभे असतात. त्यातला एक नेपाळी विद्यार्थी माझ्याशी हिंदीत बोलला. पगार नाही, डिलिव्हरीमागे पैसे. पाऊस असला तर जरा जास्त. आजारी पडला तर शून्य. सुट्टीचे साठलेले पैसे? तो हसला. कागदोपत्री तो स्वतःचा मालक. काचेच्या आत ईराला संध्याकाळचा भत्ता, आणि काचेच्या बाहेर, हाताच्या अंतरावर, त्याला तो नाही. डोंबिवलीत माझ्या दारात दहा मिनिटांत दूध आणणारा पोरगा आठवला. आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात अशा पोरांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के सामाजिक सुरक्षेसाठी द्यावेत असं म्हटलंय. तासाच्या दराबद्दल मात्र तिथेही चकार शब्द नाही.

कायदा कडक की सैल, यावरून आपल्याकडे नेहमी भांडण होतं. मीही तावातावाने भांडलोय. पण डेन्मार्कमध्ये माणसाला कामावरून काढणं सोपं आहे, युरोपच्या मानाने फारच सोपं. मुक्ताच्या ऑफिसात एका दिवसात पंधरा जण गेले. फक्त गेलेल्या माणसाने बेकारी निधीत वर्गणी भरली असेल तर दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो, त्यामुळे पासबुक रिकामं करायला कुणी कॅश काउंटरला येत नाही. आपल्याकडे उलटं. 1976 साली कायदा आला की तीनशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याने सरकारच्या परवानगीशिवाय कामगार कमी करायचे नाहीत. 1982 च्या दुरुस्तीने ती मर्यादा शंभरावर आणली, नव्या संहितेने पुन्हा तीनशेवर नेली. पन्नास वर्षं आम्ही या शंभर-तीनशेवर घसा फोडला. आणि देशातले दहातले जवळजवळ नऊ कामगार असंघटित, त्यांना ना शंभरशी घेणं, ना तीनशेशी. तीनशे जणांच्या कारखान्यातसुद्धा ठेकेदाराची माणसं त्याच मशीनवर निम्म्या पगारात.

फ्रान्सची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे युनियनचे सभासद जेमतेम दहा टक्के, पण झालेला करार सरकार सगळ्या धंद्याला लागू करतं. वाट कुठलीही असो, छत्री किती जणांवर आहे हे मोजायचं, असं माझं मत झालंय. आकडेही साधारण त्याच बाजूचे. उत्पन्नातली विषमता मोजणारा गिनी निर्देशांक (आकडा जितका मोठा तितकी विषमता जास्त) डेन्मार्कचा 28-29 च्या आसपास, अमेरिकेचा 41 च्या. सगळं श्रेय करारांना देत नाही, तिथला जबर कर आणि फुकट शिक्षण यांचाही त्यात मोठा वाटा. गेल्या वर्षी आपल्याकडे 25.5 चा आकडा नाचवून भारत जगात चौथा समतेचा देश, अशा बातम्या आल्या होत्या. तो आकडा लोकांच्या खर्चावरून काढलेला. मिळकतीवरून मोजणाऱ्या जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या हिशेबात 2022-23 मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा 22.6 टक्के वाटा होता. किराण्याची वही बघून शेटजींची तिजोरी कळत नसते, हे कुठलाही कॅशियर सांगेल.

आपल्याला हे कधी सुचलंच नाही असं मात्र नाही. महाराष्ट्राचा 1969 चा माथाडी कायदा घ्या. हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. मग मालकांनी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, माथाडी मंडळात भरायची, मंडळाने पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस हमालाला द्यायचा. मालक बदलला तरी छत्री तीच. आमच्या शाखेत माथाड्यांची खाती होती, महिन्याला पगार जमा व्हायचा. पाठीवर गोणी वाहणारा माणूस गृहकर्जाचा फॉर्म मागायला यायचा, हे मी पाहिलंय. तेच बाकीच्यांना का लागू केलं नाही, हे विचारायला मला बहात्तरावं वर्ष उजाडलं.

कारण तेव्हा आम्ही आमच्यात होतो. बँका आणि युनियन यांचे द्विपक्षीय करार 1966 पासूनचे, महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला, दर तीन महिन्यांनी बदलणारा. 1984 च्या कराराच्या वेळी मी युनिट सेक्रेटरी होतो. गेट मीटिंग असली की कँटीनचा बबन किटली घेऊन यायचा. संगमेश्वरकडचा, वय सोळा-सतरा, वडील गिरणीत होते, संपानंतर घरी बसले. कँटीन ठेकेदाराचं, म्हणून बबन बँकेचा नाही, म्हणून युनियनचा नाही. घोषणा देऊन घसा बसला की तो अर्धा कप जास्त ओतायचा. आमच्या मागण्यांची यादी टाइप केलेली कित्येक पानं होती. घरभाडं, धुलाई भत्ता, सायकल भत्ता, सगळं.

ही गोष्ट मी ईराला सांगितली. ती ऐकत होती, मग म्हणाली, "त्याला तासाला किती मिळायचे?"

1984 चा माझा मूळ पगार मला आजही पैशापर्यंत पाठ आहे. बबनचा माहीत नाही. तो मी कधी विचारलाच नाही.

असो. अभिप्राय लिहितोय. एक तक्रार राहिली, ती पडद्यांची. माणूस महाग झाला की यंत्र येतं, हे तिथे दिसतं. संगणकाविरुद्ध आम्ही एकेकाळी काळ्या फिती लावल्या होत्या, त्यामुळे मला त्या पडद्याशी बोलताना जरा चोरट्यासारखं व्हायचं. पण मग हिच्या लक्षात आलं की काउंटरला जाऊनही ऑर्डर देता येते. ज्यांना बोट चालवायला जमत नाही त्यांनी सरळ तिकडे जावं, मुलं हसून घेतात. टिप ठेवू नये. मी वीस क्रोनरचं नाणं ट्रेवर ठेवलं, तर तिथली मुलगी "तुमचं राहिलं" म्हणून मागे धावत आली.

ही शेवटच्या शनिवारी पहिल्यांदा आत आली. त्याआधी दाराशीच थांबायची. ईरा टोपी घालून आमच्याच शेजारचं टेबल पुसत होती. हिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "कोपरे राहिले गं." त्या रात्री सोसायटीतल्या देशपांडे वहिनींना फोन लागला. दुसऱ्या खोलीतून मला ऐकू येत होतं, "नोकरी करते हो आमची ईरा. सुट्टीचे पैसेसुद्धा मिळतात तिला."

चटणीची डबी मी तिच्याकडेच ठेवून आलो. परवा तिचा मेसेज आला : संपली. इथल्या बाकीच्या मुलांनी खाल्ली. या वेळी मोठा डबा पाठव, आणि तिखट जरा कमी.